नाईट, पर डे आणि सुपारी

नाटकाच्या परीक्षणात लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, अभिनय अशी सगळ्यांची हजेरी घेतली जाते आणि ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असं म्हणून परीक्षणकर्ता मोकळा होतो. नटाला त्या प्रयोगाचे किती मिळाले, कधी मिळाले आणि उरलेला आठवडा त्याचं घर कशावर चालतं, हे विचारणं आपल्याकडे असभ्यपणाचं समजलं जातं. पण ते विचारल्याशिवाय आजचा मराठी अभिनय नीट कळत नाही, असं माझं मत आहे. नटाला पैसे द्यायची रीत बदलली की त्याचा अभिनय बदलतो, नाटकाची लांबी बदलते, रंगमंचावर माणसं किती दिसणार तेही बदलतं.

ही रीत आजवर अनेकदा बदलली आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानिकांच्या आश्रयावर. तो आश्रय सुटल्यावर तिकीट आलं. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या मंडळ्यांत नट बिऱ्हाडात राहत असे. जेवण कंपनीचं, अंथरूण कंपनीचं, वर पगार. अकरा-बारा वर्षांचा पोरगा कंपनीत दाखल व्हायचा आणि तालीममास्तरांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासला जायचा. ही चैन परवडत होती कारण माणूस महिन्याच्या हिशोबावर होता आणि रिकामा बसला तरी त्याला पोसावंच लागत होतं. मग शिकवायचं, दुसरं काय? १९३२ साली पडद्यावर ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि पाहता पाहता बिऱ्हाडं मोडली. काही नट ‘प्रभात’सारख्या स्टुडिओत पगारावर गेले, बाकीचे वाऱ्यावर. पुढे कंत्राटी नाटकांचा जमाना आला आणि नट ‘नाईट’वर काम करू लागला: प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही.

व्यावसायिक रंगभूमी आजही नाईटवर चालते. मध्यंतरात रंगपटात जाऊन पाहा. एका हातात बटाटावडा, गळ्याभोवती मेकअप पुसायचा नॅपकिन, आणि बुकिंगवरून आलेला व्यवस्थापक पाकिटं वाटत फिरतोय. पाकीट उघडून कुणी मोजत नाही, तो मानाचा प्रश्न असतो. पण व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरून आजचं बुकिंग किती आणि पुढच्या रविवारची तारीख टिकणार का, हे सगळ्यांना कळलेलं असतं. तिसरी घंटा होते आणि तीच माणसं बाहेर जाऊन विनोदी प्रवेश रंगवतात. तालमीचे पैसे बहुधा वेगळे नसतात. महिना-दीड महिना राबायचं आणि नाटक पंधरा प्रयोगांत बंद पडलं तर कपाळाला हात लावायचा.

मग साठ आणि सत्तरच्या दशकातली ती सगळी थोर मंडळी जगली कशावर? नोकरीवर आणि दवाखान्यावर. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली त्यांनी ते सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. निळू फुल्यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका. आणि त्यांच्यामागे बँका, विमा कंपन्या, बेस्ट, महापालिका, पोर्ट ट्रस्ट इथल्या कारकुनांची फौज. साहेब नाटकवेडा असला की साडेपाचऐवजी साडेचारला निघता यायचं. प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात विजय तेंडुलकर येतात, ब्रेख्त येतो, मात्र दर महिन्याच्या एक तारखेला येणारा तो पगार येत नाही. खरं तर त्या चळवळीचा सगळ्यात मोठा आश्रयदाता तोच होता. १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मण झालेल्या माणसांची ती डोलणारी भिंत आठवा. एवढी माणसं रंगमंचावर उभी करणं शक्य झालं, कारण त्यांतल्या कुणाच्याही घरची चूल त्या प्रयोगावर पेटत नव्हती. नाईटच्या दरानं तीच भिंत उभी करायची म्हटलं असतं तर निर्मात्यानं आधी दोन-तीन ब्राह्मण कमी करायला सांगितले असते.

आज नेमकं तेच सांगितलं जातं. नवं नाटक लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न: पात्रं किती? चार असतील तर बोलू. सेट एकच, आणि सगळा फौजफाटा एका बसमध्ये मावला पाहिजे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे दर त्या कुंपणापाशी येऊन थबकतो, आणि खर्च मात्र कुंपण मानत नाही. यातून सुमारच नाटकं निघतात असं नव्हे. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त दोनच अभिनेत्री आहेत आणि अलीकडच्या काळात रंगमंच इतका भरलेला मी क्वचितच पाहिला. पण दोन पात्रांचं नाटक सुचणं वेगळं आणि दहांचं सुचलेलं छाटून चारांवर आणणं वेगळं. दुसऱ्या जातीची नाटकं लगेच ओळखू येतात. त्यांत शेजारी, नोकर, मामा ही सगळी माणसं फोनवर असतात.

आता ‘पर डे’. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आलं, पाठोपाठ इतर वाहिन्या आल्या, आणि कंपन्यांची बिऱ्हाडं मोडल्यापासून प्रथमच मराठी नटाला अभिनयावर महिन्याचा थोडाफार अंदाज बांधता येऊ लागला. मालिकांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. ठाणे-डोंबिवलीकडच्या अनेक नटांचं वन-बीएचके मालिकेनं उभं केलंय, नाटकानं नव्हे. तरी त्या अंदाजातही मेख आहे. पैसे दिवसावर, आणि ते हातात पडतात साधारण नव्वद दिवसांनी. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे नाताळच्या सुमाराला. वाहिनी निर्मात्याला थांबवते, निर्माता नटाला थांबवतो, नट घरमालकाला थांबवू शकत नाही. मालिका मध्येच गुंडाळली तर थकलेल्या रकमेसाठी कलावंतांनी समाजमाध्यमांवर जाहीर तक्रारी केल्याची उदाहरणं आहेत. ट्रॅक संपला की दिवस संपले. ‘तुमचं पात्र गावाला गेलंय’ हे नटाला कधीकधी सेटवर येऊनच कळतं.

या रीतीचा अभिनयावर काय परिणाम झाला? घोडबंदर किंवा मढच्या बंगल्यात बारा तासांची शिफ्ट असते आणि दिवसाला जवळजवळ एक भाग उरकायचा असतो. संवादाची पानं सकाळी, कधी दुपारी येतात. अशा वेळी नट काय करणार? तो हमखास चालणाऱ्या गोष्टी जवळ ठेवतो: एक भुवई, एक सुस्कारा, वाक्याच्या शेवटी एक थांबा. एकाच बातमीवर घरातल्या सात जणांचे सात चेहरे टिपले जातात आणि प्रत्येकाला आपला चेहरा स्वतंत्रपणे ‘द्यावा’ लागतो. समोर सहनट असतोच असं नाही. त्याचा दिवस कदाचित उद्याचा असतो. ऐकणं हा अभिनयाचा अर्धा भाग, तो इथे मरतो. मग शनिवारी-रविवारी हेच नट नाटकात येतात आणि दुसऱ्याचं वाक्य चालू असताना आपला क्लोजअप येईल अशी वाट पाहत उभे राहतात. दोष त्यांच्या प्रतिभेचा नाही. आठवड्यातले पाच-सहा दिवस जी सवय पोट भरते, ती सातव्या दिवशी कशी सुटावी?

मालिकेत चेहरा झाला की पैसे घेऊन हजेरी लावायची ‘सुपारी’ सुरू होते. दुकानाची फीत, दहीहंडीचा मंच, नवरात्रातली आरती, नगरसेवकाचा वाढदिवस. ‘होम मिनिस्टर’ हा वाहिनीवरचा कार्यक्रम २००४ साली सुरू झाला आणि त्याच्या वळणावर गावोगाव पैठणीचे खेळ निघाले. निवडणुका जवळ आल्या की यांचा हंगाम. हातात माईक घेऊन शे-दोनशे बायकांना तीन तास हसवत ठेवणं सोपं काम नाही. अनेक चांगल्या नटांनी ते कसब कमावलं आहे, आणि यातला व्यवहार बहुधा रोखीचा असतो. अलीकडे ऑडिशनलाही मोबाइलवर स्वतःच चित्रित करून धाडायची क्लिप लागते आणि तिच्याबरोबर ‘फॉलोअर्स किती?’ ही चौकशी होते. अभिनयाची परीक्षा आणि पानाच्या टपरीवरची ओळख यांतला फरक इतका कमी कधी नव्हता.

आणि निव्वळ रंगमंचावर पोट भरणारे? प्रशांत दामल्यांनी बेस्टची नोकरी सोडली आणि २०२२ साली साडेबारा हजारावा प्रयोग केला. पण तो अपवाद इतका मोठा आहे की त्यावरून कुणी नियम काढू नये. नियम पाहायचा तर पूर्वेला वडसा-देसाईगंजला जावं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखात, दिवाळीनंतर शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) आणि मंडईच्या निमित्तानं रात्रभर नाटकं चालतात. गावातलं मंडळ कंपनीकडून प्रयोग ठरवतं, जमीन उतरती खणून प्रेक्षागृह करतं, घरोघर पाहुणे येतात, त्यात सोयरिकीही जुळतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इथले शेकडो लोक या हंगामावर वर्षाचा मोठा वाटा कमावतात. २०२३ साली झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. नाटकं भडक असतात, हे खरं. बाप मरतो तेव्हा तो चांगला दहा मिनिटं मरतो. पण शेवटच्या ओळीतला माणूस पहाटे तीनलाही जागा राहिला पाहिजे, या गरजेतून आलेला आवाज आणि देहबोली शहरातल्या अभिनयात आता उरलेली नाही.

तमाशाचं गणित याहून क्रूर. नारायणगावच्या राहुट्यांत गुढीपाडव्याच्या सुमारास गावपुढारी यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात, फडमालक पावसाळ्यात कलावंतांना उचल देतो, त्यासाठी स्वतः सावकाराचं व्याज भरतो, आणि कलावंत पुढचा हंगाम ती उचल फेडत नाचतो. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि अखेरचे दिवस तंगीत गेले. आता त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव देतं. ज्येष्ठ कलावंतांचं सरकारी मानधन, जे जिल्हा पातळीवरच्या कलावंताला २२५० रुपये होतं, ते २०२४ पासून सरसकट ५००० झालं. एवढ्यात मुंबईतच काय, नारायणगावातही औषधपाण्यासकट महिना निघत नाही.

शहरातल्या मधल्या फळीतल्या नटानं आपली सोय वेगळी लावली आहे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, ऑक्टोबर २०२१ पर्यंत नीट उघडली नाहीत, तेव्हा कुणी डबिंग धरलं, कुणी मसाले विकले, आणि पुष्कळांनी शिकवण्या घेतल्या. त्या शिकवण्या राहिल्याच. एप्रिल-मे महिन्यांत गल्लोगल्ली ‘अभिनय व व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरं असतात, डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं बसवायची असतात, आणि वर्षभर ‘कॅमेऱ्यासमोरचा अभिनय’ शिकवायच्या कार्यशाळा. शिकणाऱ्यांत मालिकेत जाऊ इच्छिणारे इंजिनिअर असतात, पोराची भीड चेपावी म्हणून आलेले आईबाप असतात. शिकवणाऱ्यांत काही खरोखर उत्तम नट आहेत आणि त्यांची सर्वांत ताजी, निर्धास्त कामगिरी मी अशाच एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, प्रात्यक्षिक देताना पाहिली आहे. तिथे दिवस मोजायचे नसतात, ट्रॅक संपत नाही, आणि फी पहिल्या दिवशीच घेतली जाते.