बक्षिसानंतरचा शनिवार

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका कलाशिक्षकांनी विचारलं होतं, शाळकरी मुलांच्या चित्रस्पर्धांमधून खरंच चित्रकार घडतात का? तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

अमेरिकेत शाळकरी कलावंतांसाठी स्कोलॅस्टिक पुरस्कार 1923 पासून आहेत. पिट्सबर्गच्या फिलिप पर्लस्टाइनला शाळेत असतानाच त्यांचा राष्ट्रीय मान मिळाला; ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची चित्रं रंगीत छापून आली. पुढे महायुद्धात सैन्यात जाऊन तो परतला आणि कार्नेगी टेकमध्ये पुन्हा शिकू लागला. तिथे अँडी वॉरहॉलने त्याला विचारलं म्हणे, प्रसिद्ध झाल्यावर कसं वाटतं? पर्लस्टाइनचं उत्तर असं, की ते पाचच मिनिटं टिकलं. या किश्शावर लोक हसतात. आम्हाला मात्र ही पुरस्कारांवरची नेमकी टीका वाटते.

आता वॉरहॉलचंच बघा. स्थलांतरित मजुराचा मुलगा. शाळेतल्या शिक्षकांनी त्याला कार्नेगी संग्रहालयाच्या शनिवारच्या मोफत वर्गाला धाडलं. जोसेफ फिट्झपॅट्रिक तिथे सभागृहभर मुलांना शिकवत. मागच्या आठवड्यात ज्यांची चित्रं चांगली झाली, त्यांना मंचावर बोलावून ते चित्र सगळ्यांसमोर पुन्हा काढायला लावत. म्हणजे निवड इथेही होतीच! पण निवडलेल्या मुलाच्या हाती ढाल येत नव्हती, आणखी काम येत होतं. आणि पुढच्या शनिवारी तेच गुरुजी पुन्हा समोर उभे.

आपल्याकडे काय आहे? कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. या नसत्या तर कित्येक शाळांत चित्रकलेचा तास गणिताने कधीच गिळला असता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत 7, 5, 3 असे वाढीव गुण जोडले गेले, आणि पालकांचा हिशेब तिथेच संपू लागला. मुलीला ‘ए’ मिळाला, फार छान! तिचं स्मरणचित्र कुठे जिवंत होतं, माणसं कुठे लाकडी झाली, हे तिला कोण सांगणार? श्रेणी एका अक्षरात येते. त्यात बोलणं नसतं.

जिल्हास्तरीय स्पर्धांचंही तेच. प्रमाणपत्र, फोटो, वडापाव, घरी.

आमचं म्हणणं फार मोठं नाही. कोल्हापुरात कलानिकेतन आहे, पुण्यात अभिनव आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एका शनिवारी या मुलांच्या वह्या उघडून बसावं. मागच्या महिन्याची वही आणि या महिन्याची, शेजारी शेजारी ठेवून. गडहिंग्लजच्या मुलीला त्यासाठी एसटीचं भाडं लागेल, सोबत घरचं कुणीतरी लागेल, ही अडचण खरी आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी एक वर्ष ढालींऐवजी ते भाडं द्यावं.