अणुवैद्यकातील सुरक्षा संहिता आणि बीड जिल्ह्यातील रुग्ण : एक चिकित्सा

महाराष्ट्रात अणुवैद्यकाची पायाभरणी १९६३ मध्ये परळ, मुंबई येथे सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने केली. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले व अणुवैद्यक विभागांसाठीची त्याची सुधारित सुरक्षा संहिता २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. विभागाच्या चार भिंतींच्या आत ही व्यवस्था निःसंशय काटेकोर आहे. कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो, सांडलेले द्रव्य दूषितता मापकाने शोधले जाते, आयोडीन-१३१ची मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाचे सांडपाणी किरणोत्सार ओसरेपर्यंत टाक्यांत अडवून ठेवले जाते. खरा प्रश्न रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुरू होतो.

रुग्णास घरी सोडताना एक मीटर अंतरावरील मात्रा-दर ताशी ५० मायक्रोसिव्हर्टपेक्षा अधिक नसावा, असा दंडक आहे. दंडक योग्यच, परंतु त्यातील 'एक मीटर' बीडच्या रुग्णाजवळ नसतो. सुमारे ४०० किलोमीटरचा परतीचा प्रवास तो एस.टी.त, सहप्रवाशाच्या खांद्याला खांदा लावून करतो. अंतर निम्मे झाले की मात्रा ढोबळमानाने चौपट होते. या हिशेबाने मर्यादेच्या काठावर सोडलेल्या रुग्णापासून अर्ध्या मीटरवर पाच तास बसणारा प्रवासी सामान्य नागरिकासाठीची १ मिलिसिव्हर्टची वार्षिक मर्यादा गाठतो. मानवी देह हा बिंदुस्रोत नव्हे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. तरीही शेजारी गर्भवती स्त्री असल्यास हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही.

रुग्णास दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या सूचना अशा : वेगळे झोपावे, शौचालयात दोनदा पाणी सोडावे, कपडे स्वतंत्र धुवावेत, लहान मुलांना जवळ घेऊ नये. या सूचनांमागे एक विशिष्ट घर गृहीत धरलेले आहे. बीडचा ऊसतोड कामगार मात्र दिवाळीच्या सुमारास घर सोडून फडावरच्या कोपीत राहावयास जातो. तेथे खोली एकच, पाणी पिंपातले, शौचालय बहुधा नाहीच. आयोडीनचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांत मूत्रावाटे बाहेर पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांसाठी या माणसाला कोणताही आडोसा नाही. शिवाय 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल अंगावर असताना एकाने दूर राहायचे कसे?

थायरॉईडच्या अतिस्रावावरील आयोडीन उपचार पुष्कळदा औषधांच्या आधारे काही काळ पुढे ढकलता येतो. अशा रुग्णास पावसाळ्यात, कुटुंब गावी असताना बोलाविणे शक्य आहे. त्यासाठी नोंदणीच्या अर्जावर वय व वजनासोबत दोन प्रश्न अधिक छापावे लागतील : रुग्ण परत कशाने जाणार, आणि पुढील आठ दिवस कोठे झोपणार.