‘फँड्री’तील मूल आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाची चर्चा बहुधा जातिवास्तवाच्या अनुषंगाने होते. परंतु त्यातील जब्या हा प्रथम एक शाळकरी मुलगा आहे, आणि त्याची उपेक्षा हीच या कृतीची नाट्यवस्तू होय. त्याचा कैकाडी समाज नांदेड जिल्ह्यात विमुक्त जातींत, तर लगतच्या यवतमाळात अनुसूचित जातींत गणला जातो. अशा नोंदींतून मुलाचे मन कळत नाही. कलेतील प्रतिनिधित्वाचा आरंभ तेथून पुढे होतो. घरच्या बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. तोच शब्द गावाच्या तोंडी शिवी बनतो. दारिद्र्याने गांजलेला बाप जब्याला डुकरामागे धाडतो. धरलेले डुक्कर वाहून नेताना पाठीमागे शाळेच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रे दिसतात. गावाने प्रतिमा स्वीकारल्या, मूल मात्र स्वीकारले नाही, हा विरोध दिग्दर्शक शब्दाविना उभा करतो. तथापि शालू केवळ जब्याच्या नजरेपुरतीच उरते. मुलाला दृष्टी देताना मुलीला निव्वळ दृश्य करणे, ही या समर्थ कृतीची मर्यादा मानावी लागेल. अखेरीस जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि हळहळणाऱ्या प्रेक्षकाचे तटस्थपण हिरावून घेतो.