‘दरडोई’ म्हणजे कोणाची डोई?

वाढ, ऊर्जा आणि कार्बन यांचा संबंध जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी एका सूत्रात मांडला. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, त्या उत्पन्नासाठी लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतील कार्बन, या चारांचा गुणाकार म्हणजे देशाचे उत्सर्जन. गणित बिनचूक आहे. पण ‘दरडोई’मधील डोई कोणाची? तिच्यावर पंखा फिरतो की पऱ्हाट्यांची मोळी आहे, हे सूत्र विचारीत नाही.

भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक. हा आकडा पुढे करून आपले राज्यकर्ते जगाकडे न्याय मागतात. ती मागणी रास्तच आहे. मात्र ही सरासरी खाली ठेवण्याचे काम बुलडाणा जिल्ह्यातील चुलीपुढे बसणारी भूमिहीन मजूर बाई करते आणि तिच्या आडून वातानुकूलित बंगला सुखात राहतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला कोळसा जळतो, तारा दूर जातात. तिच्या वाट्याला धूर येतो. तिच्या दारिद्र्यावर दुसऱ्याने सूट मिळवावी, हा कोणता न्याय?

म्हणून ‘वाढ थांबवा’ हा उपदेश आम्हांला मान्य नाही. मजूरमंत्री असताना १९४३ साली बाबासाहेबांनी विजेचा प्रश्न दारिद्र्यमुक्तीशी जोडला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी असा आग्रह धरला. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योगांची मालकी राज्याकडे मागितली. किती वीज, याबरोबर कोणाची वीज, हाही त्यांचा प्रश्न होता.

वाढ आणि कोळसा यांची गाठ सुटू शकते. ब्रिटनने २०२४ साली आपले शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद केले. परंतु कार्बन गेला म्हणून विषमता जात नाही. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी महाराष्ट्राने २०२३ साली सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आणला. त्यासाठी सरकारी जमिनी, गायरानेही दिली जातात. पंप जमीनवाल्याचा, आणि गायरान? भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली हजारो माणसे तुरुंगात गेली. कसणाऱ्याला उठवून तेथे सौर तावदाने उभी राहिली, तर तो प्रकाश स्वच्छ असेल. न्याय्य असणार नाही.

उत्सर्जनाच्या प्रत्येक हिशेबाला आपण म्हणूनच दोन प्रश्न विचारले पाहिजेत: दिवा कोणाच्या घरात लागला, आणि जमीन कोणाची गेली?