स्टॉक छायाचित्रणातील अर्थार्जन : एक चिकित्सा

बीडनजीकच्या पाली येथील बिंदुसरा तलाव दुष्काळात आटला की त्याच्या भेगाळलेल्या तळाची छायाचित्रे टिपली जातात. स्टॉक संस्थेकडे विक्रीस ठेवल्यास अशा छायाचित्राचे काय होते? महाविद्यालयीन युवकांपुढे हा व्यवसाय स्वयंरोजगार म्हणून मांडला जात असताना या प्रश्नाचा विचार अगत्याचा ठरतो.

येथे छायाचित्राची मालकी विकली जात नाही. वापराचा परवाना विकला जातो व त्यातील हिस्सा छायाचित्रकारास मिळतो. 2000 साली कॅनडात आयस्टॉकफोटो व 2003 साली शटरस्टॉक सुरू झाल्यानंतर परवान्याचे दर कोसळले. शटरस्टॉकने जून 2020 पासून छायाचित्रकाराचा हिस्सा 15 ते 40 टक्के असा श्रेणीबद्ध केला. ही श्रेणी दर 1 जानेवारीस पुन्हा तळाशी येते. किमान मोबदला 10 सेंट ठरला. म्हणजे शंभर विक्रींचे अवघे 10 डॉलर!

तथापि अल्प मोबदला हे लक्षण होय. मूळ व्याधी वेगळी आहे. ग्राहकास पाली नको असते. त्यास 'दुष्काळ' ही कल्पना हवी असते. छायाचित्रास जोडावयाच्या इंग्रजी शोधशब्दांत 'बिंदुसरा' लिहिता येते, परंतु तो शब्द शोधणार कोण? स्थळाशी असलेली जवळीक हेच ग्रामीण छायाचित्रकाराचे खरे भांडवल. या बाजारात नेमके तेच कवडीमोल ठरते. त्याच्या भेगाळलेल्या जमिनीची स्पर्धा आफ्रिकेतील वा ऑस्ट्रेलियातील भेगाळलेल्या जमिनीशी होते. त्यात आता यंत्रनिर्मित प्रतिमांची भर पडली आहे.

माणसाच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. ऊसतोड मजुराचा चेहरा जाहिरातीसाठी विकावयाचा तर त्याचे लेखी संमतिपत्र लागते. ते नसल्यास केवळ वृत्तविषयक वापर शक्य असतो. त्या संमतिपत्राचा अर्थ मजुरास कितपत उमगतो? परवान्याच्या मूल्यात त्याचा वाटा नसतो आणि आपला चेहरा कोणत्या जाहिरातीत झळकेल हे त्यास कळण्याची सोयही नसते.

या व्यवसायात कोणीच कमावत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2006 साली संदीप माहेश्वरी यांनी स्थापन केलेल्या इमेजेसबझारने भारतीय चेहऱ्यांचा मोठा संग्रह उभारला. परंतु ते यश नियोजित, विपुल निर्मितीचे व संग्रहाच्या मालकीचे होय. एकट्या कॅमेराधारकास ते उदाहरण म्हणून दाखविणे दिशाभूल करणारे आहे.

याउलट पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात गावाचे नाव चित्राबरोबर राहते. हा उपक्रम परवानाविक्रीचा नव्हे, हे मान्य. परंतु तेथे स्थानिक ज्ञानास किंमत आहे. आपल्या छायाचित्रण अभ्यासक्रमांनी विद्यार्थ्यांस परवान्याच्या अटी व संमतिपत्र मराठीतून समजावून द्यावे, आणि चरितार्थाचा हिशेब मांडताना लग्नसमारंभ व स्थानिक कामे आधी धरावीत, स्टॉकची मिळकत शेवटी.