अहिंसेचा दाखला

‘कोर्ट’ या सिनेमावर आपल्याकडं रग्गड लिहून झालंय. २०१४ साली व्हेनिसला बक्षीस, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, मग भारतातर्फे ऑस्करची वारी. चैतन्य ताम्हाणेचं कोवळं वय, न हलणारा कॅमेरा, संयम, तटस्थता, सगळ्याचं कौतुक करून समीक्षक मोकळे झाले. त्या कौतुकाशी माझं भांडण नाही. सिनेमा चांगलाच आहे. माझा सवाल कौतुक करणाऱ्यांना आहे. पडद्यावरचा शाहीर नारायण कांबळे तुम्हाला एवढा भावला, तर त्याच्यासारखी जितीजागती माणसं आत गेली तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत? हेच विचारलंत ना, की ‘पण ते हिंसेच्या विरोधात आहेत का?’

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला. तहसीलच्या खिडकीपाशी रांगा लावून आपल्या पिढ्या गेल्या. त्यात आता हा अहिंसेचा दाखला. तो आणल्याशिवाय न्यायाचं नाव काढायचं नाही.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात. वासुदेव पवार हा गटारसफाई कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलीस म्हणतात, ही आत्महत्या. आणि ती का केली, तर शाहीर कांबळेनं वस्तीत येऊन तसं गाणं म्हटलं म्हणून. शाहिराला स्टेजवरूनच उचलतात. खटला चालतो म्हणजे तारखा पडतात. पंच म्हणून उभा केलेला माणूस पोलिसांचा नेहमीचा गिऱ्हाईक निघतो. मयताची बायको साक्षीला येते आणि साध्या शब्दांत सांगते की नवरा दारू पिऊन आत उतरायचा, वास सहन व्हावा म्हणून. आत खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजायचा. अंगावर सुरक्षेचं काही नाही. एक डोळा आधीच गेलेला. उषा बाणे यांनी ही साक्ष अशी दिली आहे की सगळा खटला तिथंच निकालात निघतो. फक्त कोर्टाला ते कळत नाही.

या साक्षीत सिनेमाचं सगळं बळ आहे. हिंसा कुणी केली, या प्रश्नाचं उत्तर ती बाई देऊन जाते, तेही हिंसा हा शब्द न उच्चारता. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली त्याचे तीस लाख केले. भाव वाढला, मरण थांबलं नाही. त्या मॅनहोलमध्ये कुणी बंदूक घेऊन उतरलं नव्हतं. म्हणून ती हिंसा धरत नाहीत. गाणं मात्र धरतात.

आता सिनेमा कुठं कमी पडतो ते सांगतो.

कोर्ट सुटल्यावर कॅमेरा सगळ्यांच्या घरी जातो. बचावाचा वकील व्होरा गाडीतून घरी जातो, त्याचे आईबाप दिसतात, त्याचं एकटेपण दिसतं. सरकारी वकीलबाई लोकलनं जातात, पोराबाळांचं बघतात, सुट्टीत नवऱ्याबरोबर परप्रांतीयांना हाकलायचं नाटक बघून टाळ्या वाजवतात. न्यायाधीश महाशय उन्हाळ्याच्या सुट्टीत सहलीला जातात. ही तिन्ही घरं दाखवून ताम्हाणेनं मोठं काम केलंय. न्याय देणारं डोकं कुठल्या घरात घडतं ते त्यामुळं कळतं. पण नारायण कांबळे? सुरुवातीला शिकवणी घेताना दिसतो, मग स्टेजवर, पिंजऱ्यात, छापखान्यात. त्याचा संसार, त्याचे सोबती, हा माणूस पासष्टीतही का गातो त्याचा इतिहास, यातलं काही नाही. सगळे घरी गेले, आरोपी तेवढा गेला नाही. दिग्दर्शकानं त्याला मान दिला, पण घर दिलं नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कांबळेवरचा आरोप इतका हास्यास्पद आहे की थेटरात लोक हसतात. मी पाहिला तेव्हाही हसले. मीही हसलो. गाणं ऐकून माणूस गटारात जीव देईल काय? नाहीच देणार. म्हणजे कांबळे निर्दोष, आपण त्याच्या बाजूनं, आणि घरी जाऊन निवांत झोपायला मोकळे. सिनेमाच्या शेवटाकडं त्याला जामीन मिळतो आणि तो परत उचलला जातो, या वेळी बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली. खरी गोष्ट इथून सुरू व्हायला पाहिजे होती. सिनेमा मात्र तिथून पटकन सुट्टीवर जातो. कारण त्या आरोपावर कुणी हसत नाही. तिथं प्रेक्षक गप्प होतो आणि मनात म्हणतो, काहीतरी असेल बुवा.

या ‘काहीतरी असेल’वर माणसं किती वर्षं आत राहिली ते बघा.

सुधीर ढवळे हे ‘विद्रोही’चे संपादक. २ जानेवारी २०११ ला वर्ध्यात त्यांना पकडलं, ते साहित्य संमेलनाहून परतत होते. घरातली पुस्तकं जप्त केली. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या कोर्टानं निर्दोष सोडलं. चाळीस महिने गेले, त्याचा हिशेब कुणी दिला नाही. ज्या वर्षी ते सुटले त्याच वर्षी ‘कोर्ट’ पडद्यावर आला, आणि त्यात नारायण कांबळे झाले होते ‘विद्रोही’शीच जोडलेले वीरा साथीदार. यापेक्षा जास्त काय सांगायला पाहिजे? ६ जून २०१८ ला ढवळे परत आत, एल्गार परिषदेच्या खटल्यात. ८ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयानं जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षं झाली होती, साक्षीदार तीनशेच्या वर होते आणि आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. साथीदार १३ एप्रिल २०२१ ला नागपुरात कोरोनानं गेले. आपल्या पडद्यावरच्या खटल्याचा खरा पुढचा भाग त्यांना पुरता बघायला मिळाला नाही.

कबीर कला मंचाची पोरं घ्या. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ती गाताना दिसतात. तो सिनेमा ‘कोर्ट’इतका देखणा नाही, पसरट आहे, पण त्यात शाहिरांना घर आहे. विलास घोगरेला आहे, शीतल साठेच्या आईलाही आहे. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर गाणी म्हणत हजर झाले. आम्ही शरण आलो नाही, हा सत्याग्रह आहे, असं ते म्हणाले. अहिंसेचा आणखी कुठला दाखला पाहिजे होता? सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना सुप्रीम कोर्टातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. गोरखे आणि गायचोर सप्टेंबर २०२० मध्ये परत आत.

म्हणजे दाखला आणला तरी चालत नाही. खिडकी बंद असते.

कायद्याची वाट कशी अरुंद होत गेली तेही समीक्षकांनी वाचलं पाहिजे. २००८ च्या दुरुस्तीनंतर यूएपीएत आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन नाही. २०११ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसतं बंदी घातलेल्या संघटनेचं सभासद असणं हा गुन्हा नाही, हिंसा केली किंवा चिथावली पाहिजे. त्या आधारावर २०१३ च्या जानेवारीत मंचाच्या दोघांना उच्च न्यायालयानं जामीन दिला. २०१९ साली ठरलं की जामिनाच्या वेळी पुराव्यात खोल जायचं नाही. मार्च २०२३ मध्ये तो २०११ चा निकालही सुप्रीम कोर्टानंच चुकीचा ठरवला. आता काय केलंस ते बाजूला, कुणाचा आहेस ते सांग. हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? गावाच्या वेशीवर हाच विचारायचे.

प्रा. साईबाबांना २०१७ साली गडचिरोलीच्या कोर्टानं जन्मठेप दिली. ५ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, १२ ऑक्टोबरला ते गेले. त्यांच्याच खटल्यातला पांडू नरोटे हा आदिवासी ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच मेला. निर्दोष ठरायला तो उरला नाही. साईबाबांवर लेख आले. पांडू नरोटेवर किती आले? स्टॅन स्वामींना हात कापतात म्हणून पाणी प्यायच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला, जामिनाचा अर्ज चालू असताना, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते मेले.

आता कुणी म्हणेल, मग तुझं काय? बंदुकीबद्दल तू बोलतच नाहीस.

बोलतो. बंदुकीची वाट मला मान्य नाही. गडचिरोलीत खबऱ्या म्हणून आदिवासीच मारले गेले. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि एक गाडीवाला गेला, तीही कुणाची लेकरंच होती. जिथं बंदूक निवाडा करते तिथं उलटतपासणी नसते, अपील नसतं. गावच्या पाटलाचा निवाडाही असाच असायचा. पण हे मी तुम्हाला सांगतोय, फौजदाराला नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि सगळा लेख त्या फरकासाठी आहे.

आंध्रचे के. बालगोपाल यांनी हा फरक जगून दाखवला. त्यांच्या नागरी हक्क संघटनेचे उपाध्यक्ष डॉ. रामनाथम यांना ३ सप्टेंबर १९८५ ला वरंगळात दवाखान्यात गोळ्या घातल्या. तरी बालगोपाल पोलिसांच्या चकमकींचा हिशेब मागत राहिले, आणि नक्षलवाद्यांच्या हिंसेवरही आपल्याच लोकांत उभे राहून बोलले. मतभेद झाले, १९९८ साली त्यांनी वेगळा मानवी हक्क मंच काढला. त्यांनी टीका केली ती सोबत्यांवर, स्वतःच्या विवेकाला विचारून. कुणा ठाण्याला दाखला म्हणून ती दिली नाही. आणि ज्याचं मत पटत नाही त्याच्याही न्यायासाठी लढणं सोडलं नाही.

बाबासाहेबांचं नाव घेऊन आपल्याला गप्प करणारे फार झालेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी घटनात्मक मार्ग उघडे असताना रक्तरंजित वाट सोडा असं सांगितलं, सत्याग्रहसुद्धा सोडा असं सांगितलं. बरोबर. पण ‘मार्ग उघडे असताना’ हे शब्द का गाळता? आणि त्याच भाषणात विषमता लवकर मिटवली नाही तर भोगणारे लोक ही लोकशाहीची इमारत उडवतील असंही बजावलं, ते का गाळता? १९२७ साली महाडला पाणी प्याल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. गर्दीत पलटणीतून आलेले गडी होते, उलट मारू शकत होते. बाबासाहेबांनी आवरलं. ती अहिंसा ताकदवान माणसांनी स्वतः निवडलेली होती. कुणी मागितली म्हणून दिलेली नव्हती.

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर हत्यार ठेवून शरण आला. बंदूक खाली ठेवणाऱ्याला सरकार पुनर्वसन देतं. द्यावं, रक्त थांबतंय तर चांगलंच आहे. पण ज्यानं बंदूक कधी उचललीच नाही, त्यानं खाली काय ठेवायचं? डफ?

आपल्या समीक्षेनं हे प्रश्न विचारायला पाहिजेत. कॅमेरा हलला की नाही हलला, याचं मोजमाप पुष्कळ झालं. पुढं कुणी अशा खटल्यावर सिनेमा काढला, कादंबरी लिहिली, तर मी पहिलं बघीन की आरोपीला घर दिलंय का. मग बघीन की आरोप हसण्याजोगा ठेवलाय की भीती वाटण्याजोगा. भीती वाटत असतानाही वाचक म्हणाला पाहिजे की याला वकील मिळाला पाहिजे, तारीख वेळेवर पडली पाहिजे, पुरावा समोर आला पाहिजे, मग हा माणूस मला पटो न पटो. एवढं एका पानानं जरी घडवलं तरी ते पान मी डोक्यावर घेईन. निष्पाप माणसासाठी रडायला काही लागत नाही, ते हिंदी सिनेमाही करतो.