‘तांबडी चामडी’च्या खालचा ठेका

मंडळी, उरवड्यात काय किंवा अख्ख्या मुळशीत काय, डीजे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माणूस येतच नाही. स्पीकरच्या भिंती येतात. म्हणून पुण्याच्या क्रेटेक्सविषयी, म्हणजे कृणाल घोरपडे यांच्याविषयी बोलताना आधी सांगावं लागतं की डीजे स्वतः संगीत रचतोसुद्धा.

२०२४ साली श्रेयस सागवेकर यांच्यासोबतचं त्यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं. ठेका हाऊसचा, चारही मात्रांवर सारखा ठोका. त्यावर हे दोन शब्द कसे बसतात बघा! त्यातली कठोर व्यंजनंच ताल धरतात, त्यामुळे अर्थ न कळणाराही नाचतो. हे श्रेय घोरपडे यांना द्यायलाच हवं.

आमची तक्रार वेगळी आहे. वरची भाषा मराठी झाली, खालचा ठोका मात्र जगभर चालतो तोच राहिला. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तिथं रागाचं चलन यंत्राला वाकवतं. रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोचं ॲसिड हाऊस तिच्यानंतरचं! सिंग २०१५ साली गेले. उशिरा का होईना, कौतुक त्यांनी पाहिलं.

आता पुणेकराच्या कानात ढोल-ताशा असतोच ना? मग ताशाची तर्री त्या सपाट ठोक्याला एकदा तरी आडवी का जाऊ नये?